रत्नागिरीपर्यंतचं तिकीट

१

बोटीवरून उतारू आणणाऱ्या मचव्यातून शेवटचा माणूस उतरला तरी कुसुम जैतापूरच्या धक्क्यावरून हलली नाही. खाडीच्या तोंडाशी उभी असलेली आगबोट भोंगा देऊन पुढच्या बंदराकडे निघालीसुद्धा. मोसमातली ती शेवटची बोट. आता नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. आणि याच बोटीनं येणारी तिची धाकटी बहीण इंद्रायणी आलीच नव्हती.

आली होती ती फक्त तिची पत्र्याची ट्रंक आणि चपलांचा जोड. दोन्ही हातात धरून एक पोक्त बाई मचव्यातून उतरली होती. सावित्रीबाई तिचं नाव, राहणारी पलीकडच्या वाडीतली.

"ह्यो ट्रंक तुमच्या भयनीचो?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती धक्क्यावरच बसली. "बाय माझे, काय सांगू तुका! माझ्या बाजूकच होती गो. मुंबईक डेकवर चढल्या चढल्या डाव्या अंगाक पथारी घातली नि माका पण बोलावल्यान. म्हणाली, हयसर बसा, त्या बाजूक दुपारचा ऊन लागता. माका बोट लागली, तर आमसूल काढून दिल्यान. तोंडावर पदर होतो, पण गुणाची होती. जैतापूरला भयनीकडे जातंय, म्हणाली. पहाटे रत्नागिरीक गर्दी उतरली तेव्हा माका जाग इली. बघतंय तर ती नाय. ट्रंक हयसर, आणि कठड्याकडे ह्यो चपलांचो जोड."

बोटीवर शोधाशोध झाली होती. खलाशांनी डेक पालथा घातला होता. कुणी म्हणालं तोल गेला, कुणी म्हणालं विधवा बाई, जीवच दिला असेल.

कुसुमनं त्या चपला छातीशी धरल्या. इंद्रायणीला बोलावून घेणारी तीच होती. चैत्रात माहेरी चिंचवडला गेली होती तेव्हा स्टेशनाजवळच्या बुकिंग कचेरीत जाऊन तिनं स्वतः हे जोडतिकीट काढलं होतं. चिंचवडला गाडीत बसायचं, मुंबईला उतरून चालत धक्क्यावर यायचं, आणि त्याच तिकिटाचा दुसरा तुकडा दाखवून बोटीच्या डेकवर चढायचं. "काही अवघड नाही गं," ती बहिणीला म्हणाली होती. "एकदा गाडीत बसलीस की माझ्या दारात येऊन पोचशील."

२

एसटीनं घाट चढून कोल्हापूर, तिथून रेल्वेनं पुणे, असं करत कुसुम पिंपळे गुरवात पोचली तेव्हा तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी याच घरात माहेरच्यांनी इंद्रायणीला दिली होती. दोन वर्षांपूर्वी नवरा दौलतराव साप चावून गेला आणि ती थोरल्या दिराच्या, उद्धवरावांच्या हाताखाली आली. वाट्याला जमीन होती तिच्या, नदीच्या अंगाची. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहिल्यापासून या भागातल्या रानांना भलताच भाव आला होता. आणखी एका कारखान्यासाठी सलग तुकडा हवा होता आणि इंद्रायणीचं रान नेमकं मधोमध. अंगठा द्यायला ती तयार नव्हती. "ह्यांची तेवढीच खूण राहिलीय," एवढंच म्हणायची.

उद्धवराव ओसरीवर बसले होते. कुसुमला बघताच त्यांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला.

"काय करनार कुसुमताई. मीच म्हनलं व्हतं, जा, चार दिस हवापालट व्हईल. सयाजीला मुंबईपातुर सोबत धाडला. त्यानं धक्क्यावर बोटीत बसवून दिली अन् माघारी आला. पुढं दर्यानं डाव साधला."

"सयाजी कुठाय?"

"त्यो गेला त्याच्या गावाला. मनाला लावून घेतलं बिचाऱ्यानं. लहानपनापासनं हितंच वाढलेला गडी."

कुसुमला राहून राहून एकच गोष्ट खटकत होती. ज्या माणसानं इंद्रायणीला दोन वर्षांत चिंचवडच्या माहेरीसुद्धा मोकळेपणी पाठवलं नव्हतं, तो तिला एकटीला कोकणात जायला आपण होऊन हो म्हणाला?

स्वयंपाकघराच्या दारात उद्धवरावांची बायको कौशल्याबाई उभी होती. डोळे कोरडे. इंद्रायणीची जाऊ, पण एका शब्दानं हळहळली नाही.

"दहावं, तेरावं करून टाकू म्हनतो," उद्धवराव म्हणाले. "तलाठ्यालाबी कळवाय पायजे."

"न्हाई," कौशल्याबाई तिथूनच म्हणाली. "देह गावल्याबिगर काय बी करायचं न्हाई."

"अगं पर..."

"न्हाई म्हनलं ना. माझ्या घरात तिच्या नावाचा पिंड पडनार न्हाई."

कुसुमचा ताबाच सुटला. "अहो, मेल्यावर तरी तिला पाणी द्याल की नाही? जिवंतपणी छळलंत, आता पिंडालासुद्धा महाग केलंत! तुमच्यासारखी कैदाशीण बघितली नाही मी!"

वाड्यावरच्या चार बाया जमल्या. कौशल्याबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग कुसुमजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "माघारी जा, कुसुमताई. तुझी पोरं लहान हायत. हितं ऱ्हाऊ नगं."

परसातली एक खोली बंद होती. तिथं रत्नागिरीकडचं बिऱ्हाड राहायचं, छबूबाई आणि कारखान्यात कामाला असलेला तिचा नवरा. इंद्रायणीची तिच्याशी मैत्री होती. निदान तिला काही ठाऊक असेल म्हणून कुसुमनं विचारलं.

"गेली गावाकडं," कौशल्याबाई म्हणाली. "यष्टीनं."

३

पोलीस चौकीवरच्या जमादारानं पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं, आणि सांगितलं की घटना बोटीवर घडली, तेव्हा तक्रार तिकडे द्यायला हवी. कुसुम बाहेर पडली. पाय नेतील तिकडे चालत ती चिंचवड स्टेशनाजवळच्या त्या बुकिंग कचेरीपाशी आली आणि तिथल्या बाकावर कोसळली.

कचेरी सोपानरावांची. फौजदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही रेल्वे-बोटीच्या जोडतिकिटांची एजन्सी घेतली होती. पिंपरीला कोकणातले कामगार येऊ लागल्यापासून धंदा बरा चालायचा. जाड भिंगांचा चष्मा, पिकलेल्या मिशा, बोलणं संथ. कुसुमला त्यांनी लगेच ओळखलं. बातमी त्यांच्या कानावर आली होती.

"तिकीट मी विकलं, पोरी. मलाही झोप नाही," ते म्हणाले. "सांग, काय म्हणतात घरचे?"

कुसुमनं उद्धवरावांचं बोलणं सांगितलं. सयाजी मुंबईपर्यंत सोबत गेला आणि बोटीत बसवून परतला, इथवर ती आली आणि सोपानरावांनी हात वर केला.

"थांब. मुंबईपर्यंत?"

"हो. असं म्हणाले."

सोपानराव उठले. कपाटातून तिकिटविक्रीची वही काढून त्यांनी एक पान शोधलं. वळले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"सयाजी माझ्याकडे आला होता, बोट सुटायच्या चार दिवस आधी. त्यानंही जोडतिकीटच नेलं. रेल्वे आणि बोट, दोन्ही. मालकांचं आंब्याचं काम आहे म्हणाला. मी जास्त विचारलं नाही, कारण त्याचं तिकीट जैतापूरचं नव्हतं. रत्नागिरीपर्यंतचं होतं."

कुसुमला आधी काही उमगलं नाही.

"सोबतीला निघालेला माणूस वाटेत, आधीच्या बंदरावर का उतरेल?" सोपानराव जड आवाजात म्हणाले. "जैतापूरच्या धक्क्यावर तू उभी असणार होतीस. तू सयाजीला ओळखतेस. तुझ्या नजरेला त्यानं पडायचं नव्हतं. रात्रभर तो त्याच बोटीवर होता, कुसुमताई. आणि मालक म्हणतात तो मुंबईहून परत फिरला. रत्नागिरी यायच्या आत त्याचं जे काय काम होतं ते उरकायचं होतं."

मघापर्यंत कुसुम समुद्राला शिव्या देत होती, बहिणीच्या दुबळ्या मनाला दोष देत होती. आता डोळ्यांपुढे काळोखातला कठडा आला, आणि पाठीमागून पुढे होणारा ओळखीचा हात. तिनं बाकाच्या कडेवर कपाळ टेकलं.

"मीच तिला त्या बोटीवर चढवलं, काका," ती पुटपुटली. "मीच."

४

सोपानरावांनी तिला रडू दिलं. मग चहाचा कप तिच्यापुढे सरकवून ते म्हणाले, "आता मला बोटीवरचं सांग. त्या बाईनं तुला जे जे सांगितलं ते सगळं. वगळू नकोस काही."

"त्यानं काय होणार?"

"काही नाही झालं तर नाही. सांग."

कुसुम यंत्रासारखी बोलत गेली. डाव्या अंगाची पथारी, दुपारचं ऊन, आमसूल, तोंडावरचा पदर, चपला. ओघात घरचंही आलं, पिंडावरून झालेलं भांडण, गावाला गेलेल्या छबूबाईची बंद खोली. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की सोपानराव आपल्याकडे बघतच नाहीयेत, त्यांचे डोळे मिटलेत.

"तुझ्या बहिणीनं समुद्र कधी पाहिला होता?"

"कधीच नाही. मुंबईसुद्धा नाही पाहिली तिनं. चिंचवड सोडून पिंपळे गुरव, एवढाच तिचा प्रवास."

"मग मला सांग, मुंबईहून दक्षिणेला जाणाऱ्या बोटीवर दुपारी कुठल्या बाजूला ऊन येतं, हे तिला बोट सुटायच्या आधी कसं कळलं? पहिल्यांदा चढलेला माणूस समुद्र दिसतो म्हणून उजव्या अंगाला धावतो. माझ्याकडचे सगळे नवे प्रवासी तेच करतात आणि पोळून येतात. डावी बाजू धरतो तो वर्षानुवर्षं ये-जा करणारा. आणि बोट लागली की आमसूल चघळायचं, हे आपल्या मावळातल्या बाईच्या गाठोड्यात कुठून आलं? शेजारीण ओकत होती आणि जन्मात पहिल्यांदा बोटीत बसलेली बाई तिला औषध देत होती?"

कुसुम उभीच राहिली. कप कलंडला.

"ती इंद्रायणी नव्हती!"

"नव्हती. पण जैतापूरला बहिणीकडे जाते हे सांगायला तिला पढवलेलं होतं. तिच्याकडे इंद्रायणीची ट्रंक होती, चपला होत्या, तिकीट होतं. तोंडावर पदर होता. रत्नागिरीच्या गर्दीत ती उतरून गेली, आणि मागे बुडाल्याच्या खुणा ठेवून गेली."

"कोण पण?"

"छबूबाईचा नवरा शेवटच्या बोटीच्या तिकिटासाठी इथं येऊन गेला होता. मी परत पाठवला, बोट भरली होती. बायको दिवसांत आहे, घाटातली एसटी सोसायची नाही, बोटीनंच जायला हवं म्हणून गयावया करत होता. पुन्हा काही तो फिरकला नाही. आणि आता तू म्हणतेस, छबूबाई गावाला पोचलीसुद्धा."

"यष्टीनं गेली, असं कौशल्याबाई म्हणाल्या!" कुसुम ओरडली. "म्हणजे त्याही सामील! नवरा-बायकोनं मिळून माझ्या बहिणीला इथंच कुठंतरी..."

"तेच माझ्याही मनात आलं," सोपानराव म्हणाले. "पण मग एक गोष्ट जुळत नाही. उद्धवरावांनी इथंच काही केलं असतं, तर सयाजीला खरोखरच बोटीवर का पाठवलं असतं? त्यांना वाटतंय की काम बोटीवर झालं. म्हणजे बोटीवर दुसरी बाई होती हे त्यांना ठाऊक नाही. त्यांच्या पाठीमागे कुणीतरी माणसं बदलली. आता सांग, त्या घरात पिंड पाडू नका म्हणून कोण अडून बसलंय?"

"कौशल्याबाई," कुसुम म्हणाली.

"जिवंत माणसाचं दहावं करायला हात धजत नाही, कुसुमताई. निर्दय बाई असती तर तिनं लाडू वळून तेरावं घातलं असतं. कौशल्याबाईचं माहेर कुठलं?"

"कुरुळी. तिचा भाऊ सोनबा तिथं शेती करतो."

"सासुरवाशिणीला कुणाला लपवायचं झालं तर तिच्याकडे जागा किती असतात? ऊठ."

५

कुरुळीत सोनबाच्या वस्तीवर ते पोचले तेव्हा उन्हं कलली होती. गोठ्यापाशी एक गडी कडबा तोडत होता. त्यानं मान वर केली आणि हातातला विळा गळून पडला. तो सयाजी होता.

कुसुम त्याच्या अंगावर धावून गेली. "कुठाय माझी बहीण? बोल!"

"ताई, मी न्हाई काय केलं," तो मटकन खाली बसला. "ईठ्ठलाची आन."

गोठ्याच्या मागच्या खोलीचं दार किलकिलं झालं. कडी काढायचा आवाज आला. दारात इंद्रायणी उभी होती, वाळून गेलेली, केसांत कडब्याचा भुसा. बहिणींनी एकमेकींना मिठी मारली ती सुटेना. कुसुम तिचे हात, खांदे, तोंड चाचपून बघत होती, जणू अजून खात्री पटायची होती.

"तुला कळवायचं म्हणून मी किती रडले गं," इंद्रायणी म्हणाली. "कौशल्याअक्का म्हणाल्या, न्हाई."

मागून बैलगाडीचा आवाज आला. कौशल्याबाईच ती. कुसुमला स्टेशनाकडे जाताना बघून तिला धीर निघाला नव्हता. गाडीतून उतरून ती सरळ त्यांच्यासमोर आली आणि भुईवर बसली.

"सयाजीनं मला सांगितलं," ती म्हणाली. "न्हानपनापासनं ह्यो पोर माझ्या हातचं खाऊन वाढलेला. मालकानं त्याला कामगिरी दिली. राती समदी झोपली की तिला कठड्यापाशी न्यायची. त्यो माझ्या पायावर पडून रडला. म्हनला, न्हाई केलं तर मला मारत्याल, केलं तर मी माणसात ऱ्हानार न्हाई. मग मी छबूला इचारलं. तिला बोटीनं जायाचंच व्हतं, तिकीट गावत नव्हतं. दोगी सारख्याच अंगाच्या. टेसनावर सोनबा गाडी घिऊन उभा व्हता. छबू आगगाडीत बसली, इंद्रायणी बैलगाडीत. सयाजीनं माघारी येऊन मालकाला सांगितलं, झालं म्हनून."

"आणि मला?" कुसुमचा आवाज चिरकला. "मी धक्क्यावर वेडी व्हायची बाकी होते, अक्का! एक शब्द तरी कळवायचा होतात!"

"तू येनार, दारात रडनार, ह्ये त्यानला ठावं व्हतं. त्ये तुझ्या तोंडाकडंच बघत व्हते. तुझं रडनं खोटं दिसलं असतं तर दुसऱ्याच दिशी हिला धुंडत कुरुळीला आले असते. तुझं रडनं खरंच असाय पायजे व्हतं, ताई." कौशल्याबाईनं पदर तोंडाशी नेला. "तू कैदाशीण म्हनलीस तवा माझ्या जिवाला बरं वाटलं. म्हनलं, आता त्यानला पटंल."

मग सोपानराव हळूच म्हणाले, "पुढं काय करणार होतात, बाई? किती दिवस गोठ्यात ठेवणार होतात हिला?"

"ठरवलंच नव्हतं. ती जित्ती ऱ्हावी एवढंच बघितलं. जमीन काय, घेऊ दे म्हनलं."

"मी नाही देणार," इंद्रायणी म्हणाली. हळू बोलली, पण सगळ्यांनी ऐकलं. "मी मेलेय असं मानून जगायचं असेल तर मी बोटीवरच गेले असते. मला गावात न्या."

सोपानरावांनी कौशल्याबाईकडे पाहिलं. "ही गावात दिसली की तुमच्या नवऱ्याला बेड्या पडतील. सयाजीला जबाब द्यावा लागेल. तुम्हालाही."

कौशल्याबाईनं भुईवरची माती मुठीत धरली आणि सोडली. "व्हय," ती म्हणाली. "ठावं हाय."

६

पिंपळे गुरवच्या चावडीत उद्धवराव तलाठ्यासमोर बसले होते. दहावं नाही तर नाही, भावजय बुडून मेल्याची नोंद तरी व्हावी म्हणून गावचे दोन पंच त्यांनी बोलावले होते. बोटीचा विषय निघाला की आवाज भरून आणायचा, हे आता त्यांच्या चांगलं अंगवळणी पडलं होतं.

दारात सावली पडली. तलाठ्यानं आधी बघितलं आणि त्याच्या हातातली लेखणी तशीच राहिली. इंद्रायणी आत आली. तिच्या एका बाजूला कुसुम होती, मागे सोपानराव आणि चौकीवरचा जमादार. एका पंचानं चक्क हात जोडले.

उद्धवरावांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी इंद्रायणीकडे फारसं पाहिलंच नाही. दाराबाहेर, सयाजीच्या शेजारी उभ्या असलेल्या बायकोवर त्यांची नजर खिळली.

"ह्ये तू केलंस?"

"व्हय," कौशल्याबाई म्हणाली.

सयाजीनं जबाब दिला. सुरुवातीला त्याची बोबडी वळली होती, पण एकदा बोलायला लागल्यावर तो थांबेना. रत्नागिरीचं तिकीट काढायला कुणी धाडलं आणि का, हे त्यानं चावडीत सगळ्यांदेखत सांगितलं. उद्धवरावांना जमादारानं नेलं तेव्हा गावातलं कुणी पुढे झालं नाही.

खटल्याचं जे व्हायचं ते पुढे व्हायचं होतं. भाऊबंदांनी कौशल्याबाईवर बहिष्कारच टाकला. नवऱ्याला धरून देणारी बाई म्हणून विहिरीवर तिला कुणी जागा देईना. घर बंद करून ती इंद्रायणीच्या रानातल्या छपरात राहायला आली. कारखान्याच्या माणसांना इंद्रायणीनं दुसऱ्यांदा नाही म्हणून सांगितलं आणि दोघी जावा पेरणीच्या तयारीला लागल्या.

कुसुम निघाली त्या सकाळी चुलीपाशी कौशल्याबाई भाकऱ्या थापत होती. कुसुमनं वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिला खूप काही बोलायचं होतं, त्या दिवशी ओसरीवर काढलेले शब्द परत घ्यायचे होते. कौशल्याबाईनं पाय मागे ओढले.

"पाया पडू नगंस."

तिनं चार भाकऱ्या आणि ठेचा फडक्यात बांधला. कुसुमला वाटलं, ही वाटेची शिदोरी आपल्यासाठी. तिनं हात पुढे केला.

"ही तुझी न्हवं. तुझी त्या तिथं हाय, इंद्रीनं बांधलीय." कौशल्याबाईनं गाठ घट्ट केली. "ही तुरुंगात जायाची. सयाजी नेतो. त्ये घेत न्हाईत. रोज माघारी येती."

"तरी पाठवता?"

"नवरा हाय माझा." तिनं तवा चुलीवरून खाली घेतला, पण हात तसाच तव्याच्या कडेवर राहिला. "समदी म्हनत्यात, कौशल्येनं जावंला वाचीवलं. त्यानला बी वाचीवलंच की मी. हातनं खून व्हनार व्हता, त्यो होऊ दिला न्हाई. पर ह्ये त्यानला कुनी सांगावं, ताई?"